घर क्रमांक चौदा

४ जानेवारी

प्रिय काकू,

सोबत पुस्तिका पाठवते आहे. तुझा अर्ज मुख्य कार्यालयात, म्हणजे माझ्याच टेबलावर आला, तेव्हा आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा असेल. वय सदुसष्ट, निवृत्त, वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर एकतीस वर्षं. मग अक्षर ओळखलं.

काम काय आहे ते नीट सांगते, कारण अर्ज करणाऱ्या निम्म्या लोकांचा गैरसमज असतो. आमचे स्वयंसेवक साठीच्या पुढचे आहेत. ज्या घरात एकटं सोडता न येणारं आजारी माणूस आहे, तिथे ते आठवड्यातून एकदा दोन तास जाऊन बसतात. तेवढ्यात घरचं माणूस बाहेर जाऊन येतं. याला आम्ही 'सोबत' म्हणतो. घरं जास्त आणि स्वयंसेवक कमी, म्हणून आता काही जणांना फक्त नवी माणसं आणायला शिकवतो. ते 'जोडणारे'. तू त्यासाठी अर्ज केला आहेस. जाहिरात वाचून फारसं कोणी येत नाही. आपल्याच वयाच्या माणसाने समोर उभं राहून विचारलं तर येतात.

पुस्तिका मी लिहिली आहे. सगळी वाचली नाहीस तरी पान चार वाच. एका वेळी एकालाच विचारायचं. एकच काम, एकच वार, एकच वेळ सांगायची. विचारून झालं की गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. आणि ज्याला नाही म्हणणं शक्य नाही अशा माणसाला विचारायचंच नाही. हा शेवटचा नियम लोक विसरतात.

एक प्रश्न आहे. तू बाहेर पडशील तेव्हा काका एकटे राहतील का? दोन वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा ते डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधत होते. हेच विचारायला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस.

तुझी पुतणी


१२ जानेवारी

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तू कितीही मोठ्या कार्यालयात बसलीस तरी काकांनी ठेवलेलं नाव मी सोडणार नाही. सातव्या वर्षी आमचा जिना मोजून 'वरून तिसरी पायरी अर्धा इंच बुटकी आहे' असं सांगत आलेली पोरगी तू. काकांनी नकाशांच्या कामाची मोजपट्टी काढून पाहिलं तर खरंच होती.

प्रशिक्षण झालं. मोठ्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे कोणीच नाही, म्हणजे झोप आली तर लपायची सोय नाही. शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची. दर वाक्याला 'ज्येष्ठ मित्रहो' म्हणत होती. मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला एक निवृत्त दंतवैद्य आले. बायकोने ढकलून पाठवलं होतं म्हणे.

"विचारा मला," ते म्हणाले, "पण आधीच सांगतो, मी नाहीच म्हणणार."

मी म्हटलं, "दर बुधवारी चार ते सहा एका घरी बसायला याल का?" आणि तुझ्या पान चारप्रमाणे तोंड मिटलं.

"बुधवारी मला गुडघ्याचा शेक असतो."

मी गप्प.

"तो सकाळी असतो म्हणा. पण चार म्हणजे चहाची वेळ."

मी गप्पच.

"तिथे चहा देतात का?"

मी मान डोलावली.

"अहो, तुम्ही काय माझ्या पेशंटसारख्या तोंडात कापूस घालून बसलाय? लिहा माझं नाव!"

सगळे खो खो हसले. नंतर कळलं, त्यांनी खरंच फॉर्म भरून दिला. एकतीस वर्षं लोक खिडकीपाशी येऊन भांडत होते आणि मी गप्प बसून ऐकत होते. तेव्हा त्याला नोकरी म्हणायचे, आता कौशल्य म्हणतात!

काका मजेत आहेत. खिडकी, पेपर आणि मी, एवढंच त्यांचं जग. फोन करू नकोस, मला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. पत्र लिही. तुझं अक्षर वाचायला बरं वाटतं.

काकू


२० फेब्रुवारी

प्रिय काकू,

पाच आठवड्यांत तू पाच माणसं आणली आहेस. बाकीच्या बावीस जोडणाऱ्यांनी मिळून अकरा. शिवाय तुझ्या पाचांपैकी एकाचाही खाडा नाही. इतरांची निम्मी माणसं तिसऱ्या आठवड्यात गळतात.

इथे वरिष्ठांनी विचारलं, ही बाई कोण. मी म्हटलं, शाखेतल्या आहेत. नातं सांगितलं नाही. ते योग्य होतं की नाही, मला माहीत नाही.

तू नेमकं काय बोलतेस ते लिहून पाठव, जमेल तितकं शब्दशः. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत घालायचं आहे. काकांबद्दल तू एकच ओळ लिहितेस. दोन लिहिल्यास तरी चालेल.

तुझी पुतणी


२ मार्च

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

शब्दशः हवंय तर घे. औषधाच्या दुकानासमोर रांग होती. माझ्या पुढे एक गृहस्थ. रांगेतल्या प्रत्येकाला 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणत होते. मी विचारलं, "कंडक्टर होतात का?"

"बाई, तेहतीस वर्षं. पायाखालची जमीन हलत नाही, त्यामुळे झोप येत नाही आता."

"शुक्रवारी चार ते सहा एका घरी बसायला याल? तिथेही काही हलत नाही."

त्यांचा नंबर आला, त्यांनी औषध घेतलं, माझं होईपर्यंत बाजूला उभे राहिले आणि मग म्हणाले, "पत्ता सांगा."

गणिताच्या बाई मला बागेच्या बाकावर सापडल्या. शाळा सुटल्यापासून, म्हणजे यांची नोकरी सुटल्यापासून, रोज तिथे बसून येणाऱ्या जाणाऱ्यांचे जोडे मोजतात. मी म्हटलं मंगळवारी दहा ते बारा. त्या म्हणाल्या, "दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं. मला एवढा वेळ द्यायला कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांचं तुझ्याशी चांगलं जमेल.

यात युक्ती काही नाही गं. मी बाहेर पडले की समोर जो माणूस असेल, त्यालाही कुठे जायचं नसतं. दोघांनाही ते दिसतं. एवढंच.

काका ठीक. दुसरी ओळ: काल त्यांनी दाढी स्वतः केली.

काकू


२८ मार्च

प्रिय काकू,

आजवर मी यादी माणसांनुसार लावत होते. कोण आलं, कोणी आणलं, किती तास दिले. घरं आमच्याकडे फक्त क्रमांकाने नोंदलेली असतात, नावं शाखेच्या बंद फायलीत. घरांनुसार यादी कधी लावलीच नव्हती. ही माझी चूक आहे. वार्षिक अहवालासाठी काल पहिल्यांदा लावली.

नियमाप्रमाणे एका घराला आठवड्यात जास्तीत जास्त दोन वेळा सोबत मिळते. घर क्रमांक चौदाला नऊ वेळा मिळते. अठरा तास. ती नऊही माणसं तू आणलेली आहेत.

अहवाल पंधरा एप्रिलला द्यायचा आहे.

घर क्रमांक चौदा कोणाचं आहे? मला अंदाज आहे. पण ते तुझ्या हातचं लिहून हवं आहे.

तुझी पुतणी


४ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

आमचं.

सोबतीसाठीचा अर्ज काकांच्या नावाने केला. खाली 'पत्नी' म्हणून माहेरचं नाव लावून सही ठोकली. शाखेतली मुलगी घर बघायला आली ती काकांशीच बोलत बसली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. साठीनंतर बायकांना हा एक फायदा असतो.

तू आलीस तेव्हाचा चष्मा ही सुरुवात होती. आता त्यांना तासाचा हिशेब राहत नाही, पाय उचलत नाहीत आणि तरी ते उठतात. मी दिसले नाही की शोधायला निघतात. गेल्या पावसाळ्यानंतर मी पाव आणायला खाली गेले होते. परत आले तर काका न्हाणीत पडलेले. कपाळाला सहा टाके. तुला कळवलं नाही. फोनला बहिरी वगैरे काही झालेली नाही मी. फोनवर बोलू लागले की ते आतून विचारतात, 'कोण आहे? माझ्याबद्दल काय सांगतेस?' आणि मग दिवसभर तेच. लिहिताना आवाज होत नाही.

पहिल्या बुधवारी दंतवैद्य येऊन बसले आणि मी जिना उतरून रस्त्यावर उभी राहिले. कुठे जायचं तेच सुचेना. दोन वर्षांत भाजी, औषध आणि शेजारणीला घरी बसवून केलेलं ते प्रशिक्षण सोडून कुठे गेले नव्हते. पिशवीत तुझी पुस्तिका होती. म्हटलं, काम तरी करावं. चालत गेले आणि एकीला विचारलं. ती कुठे पाठवू? शाखेची घरं लांब होती, आणि हे खोटं कारण आहे. मी तिला माझ्याच घरी पाठवलं. ती आली की मी बाहेर. बाहेर गेले की आणखी एकाला विचारायचं. तो आला की परत बाहेर. तुझ्या कागदावर मी माणसं सेवेला जोडत होते. खरं म्हणजे एक एक माणूस आणून माझ्या खुर्चीत बसवत होते.

तुला का नाही विचारलं, हे तू लिहिलं नाहीस, पण कागदावर दिसतंय. पान चार, शेवटचा नियम. कॉलेजची चार वर्षं तू आमच्या घरी काढलीस. काकांनी तुला हात धरून नकाशे काढायला शिकवलं. तू कशी नाही म्हणणार? आणि म्हणाली असतीस तर मला ते झेपलं नसतं. म्हणून नऊ परक्यांना विचारलं.

अहवालात काय लिहायचं ते तूच ठरव. पण यादी लावायच्या आधी एकदा खालून आमच्या खिडकीकडे बघायला हवं होतंस.

काकू


९ एप्रिल

प्रिय काकू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

मला यादी पुन्हा माणसांनुसार लावता आली असती. कोणाला कळलं नसतं. तसं केलं नाही. तुझ्या शाखेत एकोणीस घरं प्रतीक्षेत आहेत. त्यातल्या एका घरची बाई सात महिने थांबली आहे. तिचंही कोणीतरी न्हाणीत पडत असेल.

अहवालात मी घर क्रमांक चौदाची नोंद जशी आहे तशी दिली. तुझं नाव लिहिलं. माझं तुझ्याशी असलेलं नातंही लिहिलं.

निर्णय काल झाला. घर क्रमांक चौदाची सोबत चालू राहील, नियमाप्रमाणे दोन वेळा. मंगळवारी दहा ते बारा आणि शुक्रवारी चार ते सहा. बाकीच्या सात जणांना प्रतीक्षेतली घरं दिली जातील. ज्याच्यावर घरच्या आजारी माणसाची पूर्ण जबाबदारी आहे त्याला जोडणारं राहता येत नाही, म्हणून तुझं नाव कमी केलं आहे. हा नियम थकलेल्या माणसांवर आणखी भार पडू नये म्हणून होता. तोही मीच लिहिलेला आहे.

वाईट वाटतं, असं लिहिलं तर ते खरं असेल, पण त्याने तुझे चौदा तास परत येणार नाहीत.

तुझी पुतणी


२५ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

तू केलंस ते बरोबर केलंस. बरोबर असण्याचा राग येतो, तेवढा येऊ दे.

दंतवैद्य परवा दारात उभे. म्हणाले, "नियम गेला खड्ड्यात, मी बुधवारी इथेच येणार. तुमच्या यजमानांना माझे विनोद पुन्हा पुन्हा नवे वाटतात, असा श्रोता मला कुठे मिळणार?" मी त्यांना हाकललं. त्या सात महिने थांबलेल्या बाईचा, शाखेतून मागून घेतलेला पत्ता दिला आणि दार लावलं. मग दाराच्या आतून पाच मिनिटं ते अजून उभे आहेत का ऐकत होते.

आता मंगळवारी गणिताच्या बाई येतात आणि शुक्रवारी कंडक्टर. ते आले की मी जिन्यात जाऊन बसते. रस्त्यावर जात नाही. कोणाला विचारायचं नसेल तर रस्त्यावर मी करू काय? परवा कंडक्टर बाहेर डोकावले. "बाई, तुम्ही इथेच? पुढे सरका की!" मी म्हटलं, शेवटचा थांबा आला.

आता नीट वाच. मी आता जोडणारी राहिले नाही, तेव्हा पान चारचा शेवटचा नियम मला लागू नाही.

रविवार, अकरा मे. सकाळी नऊ वाजता. गुरुवार दुपारपर्यंत, चार दिवस, तू घर क्रमांक चौदामध्ये काकांजवळ बसायला येशील का? मी बहिणीकडे जाईन.

काकू


३० एप्रिल

प्रिय काकू,

येते. अकरा मे, सकाळी नऊ. दोन आठवड्यांची रजा टाकली आहे म्हणजे गुरुवारनंतर तुला घरी थोडी मदत करता येईल. औषधांच्या वेळा आणि ते कोणत्या बाजूने उठतात हे कागदावर लिहून ठेव.

तुझी पुतणी


१६ मे

चि. मोजपट्टीस,

काल दुपारी दोनची बस होती. बहिणीने डबा भरून दिला. मी थांब्यावर वेळेत पोचले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाकावरच बसून राहिले. चारची आली. तेव्हाही तेच. मग परत आले. बहिणीने डबा रिकामा केला.

इथे मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. पहिले दोन दिवस दर थोड्या वेळाने दचकून उठत होते आणि कोणीच हाक मारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत झोपले. काल थांब्यावर कळलं की मला काका आठवत नाहीयेत. त्यांचं वजन आठवतं, उठवताना खांद्यावर येतं ते. ते स्वतः आठवत नाहीत. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि आठवतं ते वजन. हे मी कोणाला सांगणार होते?

मी येईन. कधी ते आज लिहवत नाही. लिहिलं तर ते तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिशील.

माझा फोन मी मुद्दाम कपाटात ठेवून आले आहे. बहिणीचा नंबर तुझ्याकडे नाही, तो असू दे तसाच. रागावलीस तर कागदावर रागाव.

काकू


२१ मे, बुधवार

प्रिय काकू,

तुझं पत्र काल मिळालं, गणिताच्या बाई गेल्यावर. त्याआधी मिळालं असतं तर उत्तर त्यांच्याच हाती टपालात टाकलं असतं.

गुरुवारी तू आली नाहीस म्हणून मी तुला फोन लावला, तो इथेच कपाटात वाजला.

काका दिवसातून सरासरी तीस वेळा विचारतात, ती कुठे गेली. सुरुवातीला मी 'बहिणीकडे' सांगत होते. त्यावर ते म्हणतात, 'मग मीही जातो,' आणि उठतात. आता 'भाजी आणायला' सांगते. ते जास्त वेळ टिकतं. ते डावीकडून उठतात असं तू लिहिलं आहेस. ते दोन्हीकडून उठतात. सोमवारी मी दुधाचं भांडं उतरवत होते तेवढ्यात ते दारापर्यंत पोचले होते. पडले नाहीत. त्या रात्रीपासून मी त्यांच्या पलंगाला पाठ लावून जमिनीवर झोपते, म्हणजे हलले की कळतं.

रविवारी त्यांनी मला ओळखलं. माझा हात कागदावर ठेवून पेन्सिल दिली आणि म्हणाले, "उत्तर दिशा आधी." मी बाण काढला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या शाखेतून आलात?"

गेल्या शुक्रवारी मी कंडक्टरना आणखी एक दिवस मागितला. एकच काम, एकच वार, एकच वेळ, आणि गप्प राहिले. ते म्हणाले, "आलो असतो हो. पण एका घराला दोनच, असा नियम आहे म्हणे. वरच्या कार्यालयातून आलाय, कडक आहे." मी हो म्हणाले. तो कोणी लिहिला ते सांगितलं नाही.

तू लिहिलं आहेस ते वजन मला आता माहीत आहे. बाकीचं मला माहीत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. कागदावर रागवायचं म्हणून बसले होते, तेही होत नाही.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे. जायला यायला सात मिनिटं. सात मिनिटं त्यांना एकटं ठेवता येत नाही, हे मी दोन प्रकारे मोजून पाहिलं. त्यामुळे हे पत्र शुक्रवारी चार वाजता कंडक्टर येतील तेव्हा बाहेर पडेल आणि तुला सोमवारी मिळेल. माझी रजा शनिवारी संपते. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा मी दोन दिवस आधीच गेलेली असायला हवी. मी गेलेली नसेन.

म्हणून यात 'ये' असं लिहीत नाही. 'रहा' असंही लिहीत नाही. दोन्हीचा उपयोग उशिरा होईल.

ते उठले आहेत. थांबते.

तुझी पुतणी